कट्ट्यामागे सोळा किलो

आमच्या घरी महिन्याला सत्तर किलो तांदूळ लागतो. माणसं सहा आणि तिन्ही वेळा भात. पोळी पाहुणा आला तरच होते. सत्तरचा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी तांदळाची आवक-जावक वहीत लिहीत आलो आहे. बायको त्या वहीला तेव्हापासून हसत आली आहे.

मी सावली गावात एका कार्यालयात हिशोबाच्या टेबलावर काम करतो. वैनगंगेच्या बाजूला वडिलांची चार एकर धानाची शेती आहे, ती बटईने दिली आहे. जानेवारीत आमच्या वाट्याचं धान येतं. पूर्वी ते घरात बांबूच्या ढोलीत राहायचं. आता घरं सिमेंटची आणि खोल्या लहान, त्यामुळे ढोलीला जागा नाही. म्हणून आमच्याकडे वर्षाचं धान राईस मिलवर ठेवायची रीत पडली. चाळीस किलोचा एक कट्टा, असे आपले कट्टे मोजून द्यायचे. मिलवाला पिवळ्या कार्डावर आकडा लिहून देतो. मग लागेल तसा तांदूळ आणायचा. शंभर किलो धानाला बासष्ट किलो तांदूळ. कोंडा आणि कणी मिलवाल्याची, तीच त्याची भरडाई. नगद पैसा या हातातून त्या हातात जातच नाही, त्यामुळे हा व्यवहार आहे असंही कुणाला वाटत नाही.

मूल गावाच्या रस्त्यावर ज्या मिलमध्ये आम्ही धान ठेवायचो, तिचा मालक माझ्याच वयाचा. त्याचे परवान्याचे आणि कराचे कागद मी वर्षानुवर्षं लिहून दिले. एक रुपया घेतला नाही, कारण मला असे कागद लिहायला आवडतं. त्या जानेवारीत मी त्याच्याकडे चौतीस कट्टे ठेवले होते. मे संपत आला तेव्हा चौदा कट्ट्यांचा तांदूळ उचलून झाला होता, वीस शिल्लक होते.

मेच्या शेवटच्या मंगळवारी मी ऑफिसात असताना बायकोचा फोन आला.

"अहो, मिलवरून ऑटो आला. दहा पोते तांदूळ आनले त्यानं. तुमी सांगतलं होतं का?"

मी सांगितलं नव्हतं. मिलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, पावसाच्या आधी तुमचं सगळंच पोचवून देल्लं. गोडाऊन रिकामं करून राह्यलो. कार्डावर पूर्ण म्हनून लिहून पाठवलं, पाहून घ्या."

संध्याकाळी घरी जाऊन मी वजन केलं. पन्नासची नऊ पोती, दहाव्यात शेहेचाळीस. चारशे शहाण्णव किलो. वीस कट्टे म्हणजे आठशे किलो धान, त्याचे बासष्ट टक्के चारशे शहाण्णव. ग्रॅमाचाही फरक नव्हता. सत्तरच्या हिशोबाने वर्ष निघालं. माणूस किती चोख आहे, असं मी बायकोला दोनदा म्हणालो.

रविवारी मिलला कुलूप लागलं. दारावर बँकेची नोटीस होती.

झालं होतं ते असं. तांदळातले काळे दाणे वेचणारं एक महागडं यंत्र त्याने कर्जावर आणलं होतं. हप्ते थकले तेव्हा त्याने लोकांनी ठेवलेलं धान भरडून तांदूळ विकून टाकला. उन्हाळी धान निघालं की तेवढंच विकत घेऊन भरून ठेवू, असा त्याचा बेत. उन्हाळी धान निघालं तेव्हा भाव चढलेला होता आणि हातात पैसा नव्हता. तो पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने लिहितो. घराच्या ओट्यावर बसून राहिला आणि जो आला त्याला रजिस्टर दाखवत राहिला.

सोमवारी सकाळी पहिल्या बसने माझी मोठी बहीण, आमची बाई, आली. तिचं गाव नदीच्या जवळ. तिने आणि भाऊजींनी त्याच मिलवर धान ठेवलं होतं, दहा कट्टे अजून शिल्लक होते. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"तूच म्हनला होता ना मले, तिथंच ठेव बाई, मानूस चोख आहे?"

"म्हणालो होतो."

"मंग आता सांग, मी खाऊ काय? तुही वही?"

माझ्या घरात भिंतीला लावून दहा पोती उभी होती. तिने ती पाहिली. एकेक करून मोजली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी चार माणसं रजिस्टर घेऊन माझ्याकडे आली. साहेब, तुमाले आकडे समजते, कोनाचं किती ते काढून द्या. मी काढून दिलं. छप्पन्न घरांचं येणं सातशे ऐंशी कट्टे. मिलच्या मागच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष धान होतं, बँकेने कुलूप लावताना मोजलेलं, तीनशे कट्टे. यादीत मी माझं नाव घातलं नाही. माझं येणं काही नव्हतं, कार्डावर पूर्ण लिहिलेलं होतं. हिशोब म्हणून ते बरोबरच होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

बँकेचे साहेब आले. यंत्र, इमारत आणि जागा गहाण आहे, ते बँकेचं, असं त्यांनी सांगितलं. हॉलमधलं धान गहाणात नाही. पण ते कुणाला कसं सोडायचं? रजिस्टरमध्ये जितकी नावं आहेत तितक्या सगळ्यांनी एका कागदावर सह्या करून वाटणी लिहून द्यावी, मग ते कुलूप काढतील. एकानेही हरकत घेतली तर कुलूप तसंच.

रजिस्टरमध्ये नावं सत्तावन्न होती.

पहिली बैठक मिलच्या पत्र्याच्या शेडखाली झाली. त्या बैठकीची आठवण आली की आजही माझं डोकं दुखतं. एक मोठा शेतकरी म्हणाला, ज्यानं आधी ठेवलं त्याले आधी द्या. त्याने तीन जानेवारीला ठेवले होते. दुसरा म्हणाला, कट्ट्यावर चुन्याची खूण आहे, ज्याची खूण त्याचा कट्टा. मी त्याला हॉलच्या खिडकीतून एक कट्टा दाखवला, त्यावर तीन घरांच्या खुणा एकावर एक होत्या. बारदाना मिलमध्ये फिरत राहतो, रिकामा झाला की पुन्हा भरतो. खूण पोत्याची असते, आतल्या धानाची नसते. तो म्हणाला, "तिघात माही खून वरची आहे."

बसस्टँडजवळ ज्याचा पानठेला आहे, तो तेव्हा उभा राहिला. त्याचे तीन कट्टे येणं होतं.

"कायले इतका विचार करून राह्यले? बकरा कापतो तेव्हा काय करतो आपन? पळसाच्या पानावर सारखे वाटे. एक जन पाठ करून उभा राह्यते, नाव घेते, तो वाटा त्याचा. घर एक, वाटा एक. कोनाचं भांडन नाई."

यावर टाळ्या पडल्या. मी घाईने भागाकार केला. तीनशे भागिले छप्पन्न म्हणजे पाच पूर्णांक छत्तीस.

"भाऊ," मी म्हणालो, "तुमचे तीन बुडाले. वाट्यात तुम्हाला पाचाच्या वर येतात."

"मंग?"

"तीन ठेवून पाच कसे घेता?"

"ते माहं नशीब."

लोक हसले. ज्यांचे पंचवीस-तीस बुडाले होते तेही हसले. मला अजून कळत नाही ते का हसले.

मी समजवायला लागलो. बकऱ्याची वर्गणी प्रत्येक घराची सारखी असते, म्हणून वाटे सारखे. इथे कुणी तीन ठेवले, कुणी साठ. सारखेपणा घराघरात बघायचा नाही, कट्ट्याकट्ट्यात बघायचा. बुडालेला प्रत्येक कट्टा सारखाच बुडाला. मागच्या बाजूला बसलेली एक म्हातारी बाई म्हणाली, "म्हनजे वाटा मानसाचा नाई, कट्ट्याचा." तेवढ्या लोकांत तेवढं तिलाच समजलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. बैठक तिथेच मोडली, कारण मोठा शेतकरी आणि पानठेलेवाला एकमेकांच्या वडिलांपर्यंत पोचले होते.

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि गडचिरोलीला कोर्टात बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. एसटीत तासभर उभा होतो. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एका दमात सांगितलं. माणूस कोर्टात नादार ठरला की ज्याच्याकडे गहाण आहे तो आपल्या गहाणातून घेतो, कामगारांचा पगार वगैरे काही गोष्टी आधी जातात, आणि बाकीचे सगळे एका ओळीत. ओळखीचा, बिनओळखीचा, आधी आलेला, ओरडणारा, सगळे सारखे. ज्याचं जितकं येणं, त्या प्रमाणात त्याला.

"पण तुमचं धान तर त्याच्या मालकीचंही नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचंच, फक्त एकात एक मिसळलं. तरी वाटणी त्याच प्रमाणात करा. आणि कोर्टात आणू नका. निकाल लागेपर्यंत उंदरांच्याच नावावर होईल."

मी उठलो आणि पुन्हा बसलो.

"समजा," मी म्हणालो, "कुलूप लागायच्या चार-पाच दिवस आधी त्याने एखाद्याला सगळं पूर्ण देऊन टाकलं असेल तर?"

"मागितलं होतं त्याने?"

"नाही. ओळखीमुळे दिलं."

"बुडताना मर्जीतल्या माणसाला आधी देऊन टाकलं, तर कोर्ट ते परत आणू शकतं. बाकीच्यांच्या ताटातून काढून दिलेलं असतं ना ते." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "किती आहे?"

"चारशे शहाण्णव किलो," मी म्हणालो. त्या हसल्या. फी घेतली नाही, आणि मला त्याचाही राग आला. फी घेतली असती तर सल्ला मानायचा की नाही हे मी ठरवलं असतं.

परतीच्या बसमध्ये मी कागदावर मांडलं. माझे वीस धरून येणं आठशे कट्टे. हॉलमधले तीनशे आणि माझ्याकडे आलेले वीस धरून शिल्लक तीनशे वीस. म्हणजे शंभरातले चाळीस. कट्ट्यामागे सोळा किलो धान. माझ्या वाट्याला वीसपैकी आठ कट्टे, तांदळात एकशे अठ्ठ्याण्णव किलो चारशे ग्रॅम. म्हणजे घरातून जाणार दोनशे सत्त्याण्णव किलो सहाशे ग्रॅम.

मग मी एक नको तो हिशोब केला. मी काहीच परत केलं नाही तर बाकीच्यांना कट्ट्यामागे किती? पंधरा किलो तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम. माझ्या बहिणीचे दहा कट्टे. मी परत केल्याने तिला जास्तीचं मिळणार सहा किलो धान. तांदूळ चार किलोला कमीच.

बायकोला मी दोन्ही आकडे सांगितले. एक सांगून दुसरा लपवणं मला जमलं नसतं, आणि ती काढल्याशिवाय राहिलीही नसती.

"थांबा," ती म्हणाली. हातातलं सूप तिने खाली ठेवलं. "आपले तीनशे किलो जाते, आन बाईले चार किलो भेटते?"

"बाईला चार. पानठेलेवाल्याला सव्वा. असे छप्पन्न घरांत मिळून तीनशे."

"पानठेलेवाल्याले सव्वा किलो द्यायसाठी आपन सप्टेंबरपासून विकत खायाचं?"

"त्याच्यासाठी नाही गं."

"आपन चोरी केली का?"

"नाही."

"मागितलं होतं का आपन?"

"नाही."

"आपलंच धान होतं ना?"

"आपलं होतं. पण त्यांचंही त्यांचंच होतं."

तिने सूप पुन्हा हातात घेतलं. मला वाटलं पटलं. ती म्हणाली, "तुमाले लोकायचं काहीच वाटत नाई. तुमाले भागाकार बरोबर आला पायजे, बस." त्यात थोडं खरं होतं, म्हणून मी चिडलो. मग आम्ही तीन दिवस भाजी काय करायची एवढंच बोललो.

बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "ठेव बावा तुहं तू. चार किलोनं माहं काय होते? लोक म्हनन, बहिणीनं भावाच्या घरचं काढून नेलं." म्हणजे जिच्यासाठी जीव तुटत होता तीही नको म्हणाली. मी परत केलं नसतं तर कुणाचंच काही अडत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. फक्त सह्यांच्या कागदावर सत्तावन्नावं नाव माझं होतं, आणि त्या नावापुढे 'पूर्ण मिळाले' असं लिहून खाली छप्पन्न जणांकडून 'आम्हास मंजूर' म्हणून सह्या घ्यायच्या, हे माझ्या हातून होईना. दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद फाडला.

दुसरी बैठक जूनच्या मध्यात झाली. ऊन अजून हटलं नव्हतं, शेडचा पत्रा तापलेला. मी उभा राहून सांगितलं. माझे वीस कट्टे येणं होतं, ते मला मंगळवारी पूर्ण मिळाले, कुलूप रविवारी लागलं. मी त्यातल्या बारा कट्ट्यांचा तांदूळ परत देतो, आठांचा ठेवतो, कारण चाळीस टक्के माझाही वाटा आहे. आता सगळ्यांना कट्ट्यामागे सोळा किलो.

मी कुणी शाबासकी देईल म्हणून उभा नव्हतो. पण जे झालं त्याचीही मला कल्पना नव्हती.

मग पानठेलेवाला म्हणाला, "हे आज सांगून राह्यले साहेब? पंधरा दिवस झाले."

"वकिलाला विचारायचं होतं."

"मंगळवारी भेटलं म्हनता. त्याच्या आधी किती भेटलं?"

"कार्ड पाहा ना. चौदा."

"कार्ड तुमीच लिवता त्याचं. सगळे कागद तुमीच लिवत होते." तो लोकांकडे वळला. "बारा परत करते म्हनजे चोवीस घेतले असन. फुकट कोन परत करते का रे?"

मोठा शेतकरी, जो मागच्या वेळी याच माणसाच्या अंगावर धावला होता, तो म्हणाला, "बरोबर बोलला तो." अशा रीतीने मी त्या दोघांचं भांडण मिटवलं.

"आन हे आठ काऊन ठेवले?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हाला मिळतात तेवढेच मला," मी म्हणालो. आवाज चढला माझा. "तुम्ही सोळा घ्या, मी सोळा घेतो. मला काय शून्य द्यायचं? का? खरं बोललो म्हणून दंड?"

म्हातारी बाई पुन्हा बोलली. "बरोबर आहे त्याचं. कट्ट्याले कट्टा." आणि तिने पुढे येऊन पहिला अंगठा लावला. तिच्या मागे हळूहळू बाकीचे आले. पानठेलेवाल्याने सगळ्यात शेवटी सही केली, आणि अट घातली की माझ्या घरचा तांदूळ दोन माणसं येऊन मोजतील. मी हो म्हटलं. दोन माणसं आली. त्यांनी पोती मोजली, पलंगाखाली पाहिलं, आईच्या खोलीतली पिंपं उघडून पाहिली. एका पोत्यातून अठरा किलो शिजवून झाले होते, ते मी आधीच माझ्या वाट्यात धरले होते, तसं लिहूनही ठेवलं होतं. बायकोने दोघांना चहा दिला. माझ्या कपात साखर नव्हती.

वाटणीच्या दिवशी धान मोजायला मिलवालाही आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने काटा लावून दिला, शिवण उसवून दिली, लोकांच्या शिव्या ऐकून घेतल्या. दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला.

"तुमी परत केलं म्हनते."

"तू पाठवायलाच नको होतं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तुझ्यामुळे लोकांनी माझ्या आईच्या खोलीत शिरून पिंपं पाहिली."

तो जमिनीकडे पाहत होता. "भाऊ, छप्पन्न घरं मले चोर म्हनते. बरोबरच आहे. पन एक घर होतं जिथं मी म्हनू शकत होतो, याचं मी पूर्ण देल्लं. तेई तुमी ठेवलं नाई."

त्याने दिलेलं त्याचं नव्हतंच, हे मी त्याला दहा वेळा आकड्यांत दाखवू शकलो असतो. मी काट्याकडे गेलो आणि पुढचं नाव वाचलं.

माझ्याकडचा तांदूळ छप्पन्न घरांत वाटायचा तर किलो-दीड किलोच्या पुड्या बांधाव्या लागल्या असत्या. म्हणून ठरलं की ज्यांचे दहा-दहा कट्टे होते अशा तीन घरांनी आपल्या चार कट्टे धानाऐवजी तांदूळच घ्यावा, प्रत्येकी नव्व्याण्णव किलो दोनशे ग्रॅम, आणि त्यांचं धान बाकीच्यांना जावं. त्यातलं एक घर बहिणीचं. ती भाऊजींना घेऊन ऑटोने आली. पोत्यांना हात लावायला मात्र तयार नव्हती.

"मले धानच दे," ती म्हणाली. "भावाच्या घरातून पोते उचलून नेनं मले जमत नाई."

"बाई, हे माझ्या घरातलं नाही. हे तुझंच आहे, माझ्या घरी आलं होतं."

"तुही भाषा तुले समजते."

शेवटी बायकोने वाट काढली. तिने दोन पोती स्वतः ओढत दाराशी आणली आणि म्हणाली, "घेऊन जा बाई. तुमी नाई नेलं तर हे पानठेलेवाल्याच्या घरी जाईन, आन मंग मी तुमच्या भावाले सोडनार नाई." बहीण हसली, पहिल्यांदाच. वजन मात्र तिने करून घेतलं, दोनशे ग्रॅमसकट.

आमच्याकडे एकशे ऐंशी किलो चारशे ग्रॅम उरला. सत्तरच्या हिशोबाने तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपला. त्या शनिवारी मी आणि बायको मूलला जाऊन पन्नास किलोची बॅग घेऊन आलो. बायकोने भाव ऐकला आणि फक्त मान हलवली. बसमधून उतरून सावलीच्या बसस्टँडवर ऑटोची वाट पाहत होतो, बॅग पायाशी होती. समोर पानठेला.

तिथे उभ्या असलेल्या एकाने विचारलं, "काऊन साहेब, विकतचा? तुमच्याकडं तर शेतीचं राह्यते."

मी तोंड उघडायच्या आत पानठेलेवाला पानाला चुना लावता लावता म्हणाला, "दाखवायले घेऊन राह्यले. घरी असन अजून."

मी तीन महिने गप्प होतो. त्या क्षणी मात्र मला त्या ठेल्यावर हिशोबाचे सगळे कागद आपटावेसे वाटले. पण बायको पुढे गेली. तीन महिने माझ्याशी भांडणारी तीच.

"या ना भाऊ घरी," ती त्याला म्हणाली. "पिंपं पुन्हा उघडून दाखवतो. आन मंग जेवूनच जा. सहा मानसायचा भात किती लागते ते तुमाले समजून जाईन. तीन ठेवून पाच मागनाऱ्याले समजलंच पायजे."

उभे असलेले हसले. पानठेलेवाल्याने मान खाली घालून पान दुमडलं.

ऑटोत बॅग आमच्या दोघांच्या पायांत होती. निम्म्या रस्त्यात बायकोने विचारलं, "याच्यासाठी देल्लं होतं का हो तुमी सहा पोते?"

"याच्यासाठी नाही."

"मंग कोनासाठी?"

मी सांगायला लागलो. की समज प्रत्येक कट्ट्यामागे सोळा किलो आहे, आणि एका कट्ट्याला जर चाळीस मिळाले...

"राहू द्या," ती म्हणाली, आणि ऑटो वळताना बॅग पडू नये म्हणून तिने तिच्यावर पाय ठेवला.